एका गव्हाच्या दाण्यासाठी इंडस-२

सिंक्रोट्रॉनवर एक दिवस काम करायचे किती पैसे पडतात, हे घरात सगळ्यांत आधी अण्णाकाकांनी विचारलं. सिंक्रोट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉन कड्यातून प्रचंड वेगानं फिरवून त्यांच्याकडून क्ष-किरण काढून घेणारं यंत्र. इंदूरचं इंडस-२ हे असंच एक. काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. मोठं यंत्र म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे आधी बिल उभं राहतं. मी म्हटलं, काही नाही. त्यांना वाटलं, पोरगी टाळतेय. पण विद्यापीठातल्या माणसाला खरोखरच काही पडत नाही. प्रस्ताव पाठवायचा, तो तज्ज्ञांनी तपासायचा, पसंत पडला की बीमलाइनवर, म्हणजे कड्यातले किरण जिथे प्रयोगासाठी बाहेर काढतात तिथे, वेळ मिळतो. कंपन्यांचा हिशेब वेगळा असतो. आपल्याकडून अपेक्षा एवढीच की निघालेले निकाल छापावेत आणि छापताना बीमलाइनचा उल्लेख करावा.

हे लिहायचं कारण असं, की इंदुरातल्या आपल्या मराठी घरांमध्ये 'अणुऊर्जा खातं' म्हटलं की दोनच चित्रं असतात. एक तर मुलगा खात्याच्या ट्रेनिंग स्कूलला लागला आणि शास्त्रज्ञ झाला, नाही तर काहीच नाही. या दोहोंच्या मध्ये सरकारी पैशावर चालणारं बरंच काही आहे. मी त्या मधल्या वाटेनं गेले, अजून जातेच आहे.

माझं घर सुदामानगरात, म्हणजे कॅटपासून तसं जवळच. कॅट म्हणजे आधीचं सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी, आताचं राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्र. इंडस-२ इथेच आहे. १९८४ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि २००५ च्या डिसेंबरात त्याला रामण्णांचं नाव मिळालं. रिक्षावाल्यांच्या तोंडी मात्र कॅटच राहिलं. विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे शाळा-कॉलेजच्या मुलांना आत सोडतात. मीही शाळेतून गेले होते, आणि खरं सांगायचं तर त्यातलं फारसं काही आठवत नाही. पुढे एमएस्सीला असताना विभागाच्या फलकावर 'ओकॅल' अशी नोटीस दिसली. त्वरक (कणांना वेग देणारी यंत्रं), लेसर आणि त्यांच्याशी निगडित तंत्रज्ञान यांची उन्हाळ्यात होणारी ओळख, असा तो अभ्यासक्रम. निवड झालेल्या मुलांना विद्यावेतनही मिळतं. चुंबक कसे बनवतात, इतका मोठा नळ्यांचा पसारा निर्वात कसा ठेवतात, इलेक्ट्रॉनला धक्का देणाऱ्या रेडिओ लहरींची पोकळी कशी असते, हे सगळं ती यंत्रं रोज चालवणारी माणसंच शिकवत होती. पुस्तकात चुंबकीय क्षेत्राचं सूत्र दोन ओळींत संपतं. इथे एक सर वाकवणाऱ्या चुंबकाच्या लोखंडी पत्र्यांविषयी तासभर बोलले आणि कुणीही घड्याळ बघितलं नाही.

त्यानंतर नेटची परीक्षा, जेआरएफ म्हणजे संशोधनासाठीचं विद्यावेतन, आणि पीएचडी, हा क्रम बहुतेकांना माहीत असतो. जेआरएफला २०२३ च्या जानेवारीपासून महिना ३७,००० रुपये मिळतात, दोन वर्षांनी त्याचं वरच्या पायरीचं एसआरएफ झालं की ४२,०००, आणि घरभाडं वेगळं. इंदुरात आईवडिलांकडे राहणाऱ्या मुलीला हे पैसे पुरून उरतात. अडचण रकमेची नाहीच, तारखेची आहे, त्याबद्दल पुढे लिहिते.

माझा विषय गव्हाचा आहे. भौतिकशास्त्रात पीएचडी आणि विषय गहू, म्हणून आजीला फार आनंद झाला. 'निदान पोरीला गव्हातलं काही कळेल' म्हणाली. माळव्यातला गहू सगळ्यांना माहीत आहे, बाट्यांसाठी लागणारा माळवी कठीण गहूही. प्रश्न असा होता की वेगवेगळ्या वाणांच्या दाण्यात जस्त आणि लोह नेमकं कुठे बसतं. एकूण किती, हे दाणा जाळून, आम्लात विरघळवून सांगता येतं. पण कुठे, हे विरघळवल्यावर कसं सांगणार? त्यासाठी दाण्याचा काप जसाच्या तसा ठेवून त्यावर क्ष-किरणांची अगदी बारीक रेघ फिरवावी लागते. ज्या ठिकाणी किरण पडतो तिथल्या प्रत्येक मूलद्रव्यातून त्याचा स्वतःचा ठरलेला क्ष-किरण बाहेर पडतो. लोहाचा ६.४ केईव्हीचा, जस्ताचा ८.६४ केईव्हीचा. केईव्ही, एमईव्ही, जीईव्ही ही सगळी ऊर्जेची मापं, प्रत्येक आधीच्याच्या हजारपट. हे मोजणारी जागा इंडस-२ च्या बीमलाइन १६ वर आहे, मायक्रोप्रोब एक्सआरएफ म्हणतात तिला.

मधला दुवा होता आमच्या विद्यापीठाच्या खंडवा रोडवरच्या तक्षशिला परिसरातच उभा असलेला यूजीसी-डीएई संघ, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा खातं यांचा. विद्यापीठांना अणुऊर्जा खात्याच्या मोठ्या यंत्रांपर्यंत पोचवायचं, याच कामासाठी तो काढला. मुंबईची ध्रुव अणुभट्टी, कोलकात्याचा सायक्लोट्रॉन आणि इंदूरचा सिंक्रोट्रॉन अशा या सोयी. केंद्रं इंदूर, मुंबई, कोलकाता आणि कल्पाक्कमला. बाहेरगावच्या विद्यार्थ्याला येण्याजाण्याचं भाडं आणि राहण्याची सोय मिळू शकते. मला घरून डबा असल्यामुळे याची किंमत कळली नव्हती, ती कळली कोल्हापूरहून आलेल्या एका मुलाकडून. तो शिवाजी विद्यापीठाचा, पातळ थरांवर काम करणारा. एसटीनं पुणे, तिथून रेल्वेनं इंदूर, आणि सोबत नमुन्यांची डबी शर्टाच्या आत. 'ताई, तिकिटाचे पैसे मिळणार नसते, तर आमच्या गाइडांनी पाठवलंच नसतं,' असं तो चहा पिताना सहज बोलून गेला. मशीन कोट्यवधींची, आणि त्या मशीनपर्यंत पोरगा पोचणार की नाही हे ठरणार एका रेल्वे तिकिटावर. माझ्या मते या संपूर्ण व्यवस्थेतलं सर्वांत शहाणपणाचं कलम तेच तिकिटाचं आहे.

प्रस्ताव लिहिणं हा सगळ्यात किचकट भाग. दोन पानांत सांगायचं की हे काम प्रयोगशाळेतल्या साध्या यंत्रावर का होत नाही, नमुने किती, किरणाची ऊर्जा किती, एका नमुन्याला किती वेळ लागणार आणि का. हा 'का' लिहिताना मी बरीच कागदं फाडली. शेवटी सरांनी गणित मांडायला लावलं. काप समजा आडवा १०० बिंदू, उभा ६० बिंदू. म्हणजे ६,००० बिंदू. बिंदूला एक सेकंद धरला तर १ तास ४० मिनिटं, आणि एका सेकंदात जस्ताचा संकेत पुरेसा येईल का, हे आधी तपासायचं. तेवढं लिहिलं आणि प्रस्तावाला अर्थ आला. त्याच्यासोबत जोडायचे कागद: गाइडची सही, विभागप्रमुखांची सही, ओळखपत्र, नमुना धोकादायक नाही असं पत्र. गव्हाच्या दाण्याला हे पत्र देताना आमच्या विभागातल्या बाबूंनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती विसरणं कठीण आहे.

मंजुरी आल्यावर आत पाऊल टाकण्याआधी सुरक्षेचं प्रशिक्षण. किरणोत्साराविषयी माझं ज्ञान तोवर पुस्तकी होतं, आणि घरच्यांचं भीतीतून आलेलं. काकूंनी स्पष्टच विचारलं होतं, 'अगं, लग्न व्हायचंय तुझं अजून, कशाला त्या किरणांत जातेस?' त्या वर्गात मला काकूंना देण्यासारखी उत्तरं मिळाली. पहिली गोष्ट, इंडस-२ मध्ये कोबाल्टसारखा स्वतःहून किरण सोडत राहणारा कुठलाही स्रोत ठेवलेला नसतो. १७२ मीटर परिघाच्या निर्वात नळीतून इलेक्ट्रॉन २.५ जीईव्ही ऊर्जेनं फिरतात आणि चुंबकांनी वळवताना किरण सोडतात. इलेक्ट्रॉन गेले की किरण गेले. दुसरी, इलेक्ट्रॉन नळीच्या भिंतीला धडकले तर गॅमा आणि न्यूट्रॉन निर्माण होऊ शकतात, म्हणून त्या कड्याभोवती जाड काँक्रीट, आणि जागोजागी गॅमा व न्यूट्रॉन मोजणारे मॉनिटर. तिसरी गोष्ट आकड्यांची. निसर्गातूनच, जमिनीतून, आकाशातून आणि खाण्यापिण्यातून, माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते. ही नैसर्गिक मात्रा सोडून, तिच्याखेरीज मिळणाऱ्या मात्रेवर अणुऊर्जा नियामक मंडळानं सामान्य माणसासाठी घातलेली मर्यादा वर्षाला १ मिलिसीव्हर्ट. किरणोत्सारात काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांत मिळून १००, म्हणजे वर्षाला सरासरी २०, आणि कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. बाई गरोदर असल्याचं कळवलं की पुढच्या काळात गर्भाला १ मिलिसीव्हर्टच्या वर जाऊ द्यायचं नाही, हाही नियमच. काकूंना मी हे शेवटचं आधी सांगितलं. बाकीचं त्यांनी ऐकलंच नाही, पण चेहरा निवळला.

छातीवर लावायचा, अंगावर पडलेली मात्रा मोजणारा टीएलडी बिल्लाही इथेच मिळाला. तो पहिल्यांदा उघडून दाखवला तेव्हा वर्गात सगळे पुढे सरकले. धातूच्या पट्टीवर तीन छोट्या चकत्या असतात, कॅल्शियम सल्फेटमध्ये अगदी थोडं डिस्प्रोसियम मिसळून टेफ्लॉनसोबत दाबून केलेल्या. एका चकतीवर धातूचा पडदा, दुसऱ्यावर प्लॅस्टिकचा, तिसरी उघडी. किरण पडले की त्यांची ऊर्जा चकतीत अडकून बसते, आणि नंतर तापवलं की ती उजेड होऊन बाहेर येते. जितका उजेड तितकी मात्रा. तिन्ही चकत्यांच्या उजेडाची तुलना केली की कोणत्या प्रकारचा किरण होता याचाही अंदाज येतो. हे बिल्ले भाभा अणुसंशोधन केंद्रानं विकसित केलेले. एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाच्या एप्रनवर तुम्ही तेच पाहिले असतील. तो बिल्ला शोभेचा आहे असं मला इतकी वर्षं वाटायचं.

मग हच. बीमलाइनच्या टोकाला शिसं घातलेल्या भिंतींची एक खोली असते, नमुना तिच्यात. ती बंद करायची पद्धत प्रत्येकाकडून करून घेतात. आत जायचं, प्रत्येक कोपरा डोळ्यांनी बघायचा, आतली शोध-बटणं ठरलेल्या क्रमानं दाबायची, बाहेर यायचं, दार लावायचं. क्रम चुकला किंवा वेळ उलटला तर इंटरलॉक, म्हणजे सुरक्षेची कडी, लागत नाही आणि किरण अडवणारं शटर उघडतच नाही. आत कुणी अडकलंच तर भिंतीवर लाल बटण आहे, ते दाबलं की किरण बंद. शिकवणारे गृहस्थ साठीच्या जवळचे, मराठी, बोलणं पक्कं इंदुरी. 'बेटा, बटण दाबायच्या आधी टेबलखाली बघायचं. माणूस टेबलखाली पण असतो,' असं त्यांनी सांगितलं आणि मला खाली वाकायला लावलं. तिथे फक्त एक स्क्रू ड्रायव्हर पडला होता.

प्रत्यक्ष काम रात्रीच्या पाळीत आलं. आमची तयारी अशी: दाणा ओल्या टिश्यू पेपरमध्ये ठेवून थोडा मऊ केलेला, धारदार ब्लेडनं आडवा कापलेला, पिवळट कॅप्टॉन टेपवर चिकटवलेला. पातळ काप साधला तर दाण्याच्या पोटावरच्या खाचेमुळे तो हृदयाच्या आकाराचा दिसतो. गेटवर मोबाइल जमा करून आत गेलं की वेळेचं भान नियंत्रण कक्षातल्या पडद्यावरच्या एका रेघेवर येतं. ती रेघ म्हणजे कड्यात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनचा प्रवाह, मिलिअँपिअरमध्ये. हळूहळू ती खाली येत जाते, कारण काही इलेक्ट्रॉन सतत गळत असतात. मग ठरलेल्या वेळी पुन्हा भरणं: आधी मायक्रोट्रॉन या छोट्या त्वरकात २० एमईव्हीपर्यंत, मग बूस्टर या मधल्या कड्यात ५५० एमईव्हीपर्यंत, तिथून इंडस-२ मध्ये सोडून चुंबक चढवत २.५ जीईव्ही. तेवढा वेळ आपलं शटर बंद. चहा प्यायची हीच वेळ, हे मला तिथल्या सगळ्यांनी न विचारता सांगितलं.

स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती किरण आले याचा आलेख, पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा डावीकडे, ३ केईव्हीच्या जवळ, एक ठळक टोक होतं. गव्हात काय बरं असेल इथे, म्हणून मी वही उघडली. बीमलाइनवरच्या मॅडम हसल्या. तो अर्गॉन. आपल्या हवेत जवळपास एक टक्का अर्गॉन असतो आणि नमुना हवेतच ठेवलाय, म्हणून तो प्रत्येक वेळी हजेरी लावतो. मग पोटॅशियम, कॅल्शियम, लोह, जस्त ही टोकं एकामागून एक त्यांनी बोटानं दाखवली, आणि डिटेक्टर गोंधळल्यामुळे उमटणारं एक खोटं टोकही. हे खोटं टोक ओळखणं कुठल्याही अभ्यासक्रमात नाही. ते रात्री दोन वाजता, शेजारी बसलेल्या, त्याच कामाचा पगार घेणाऱ्या माणसाकडूनच शिकायला मिळतं. सरकार शिक्षणावर खर्च करतं म्हणतात तेव्हा विद्यावेतनाचाच आकडा सांगतात. या मॅडमचा माझ्यासाठी गेलेला वेळ कुठल्याच तक्त्यात येत नाही.

नकाशा हळूहळू भरत गेला. मधला पांढरा भाग, ज्याचा मैदा होतो, जस्तासाठी जवळजवळ रिकामा. कोंड्याला लागून असलेला अ‍ॅल्युरोनचा पातळ थर उजळ, आणि कोंबाचा भाग तर झगझगीत. तसं हे जगाला आधीपासून ठाऊक आहे. मैद्यात जस्त का उरत नाही, हे पोषणशास्त्राच्या पुस्तकांत असतंच. आमचा प्रश्न वाणावाणांतल्या फरकाचा होता. तो फरक दिसला की नाही, ते छापून आल्यावर सांगेन.

आता तारखेचं. विद्यावेतनाचा पैसा ज्या कार्यालयातून निघतो तिथे दर महिन्याला हजेरीची खातरजमा जावी लागते. विद्यापीठात ती एक जण भरतो, त्याला मेकर म्हणतात. दुसरा तपासतो, तो चेकर. मेकर रजेवर गेला की चेकरला काम नाही, चेकर बदलून गेला की मेकरचं कुणी ऐकत नाही. वर्ष संपलं की प्रगती अहवाल, घरभाड्याचं प्रमाणपत्र, अमुक अ‍ॅनेक्शर. यातलं एक जरी अडलं तर पैसे थांबतात, आणि सुटतात तेव्हा कित्येक महिन्यांचे एकदम येतात. एकदम आले की बाबांना वाटतं, वा, मुलगी किती कमावते. मधल्या काळात मी शिकवण्या घेतल्या, नववी-दहावीच्या, राजेंद्रनगरला. कोल्हापूरच्या मुलाला ते शक्य नव्हतं. त्यानं मित्राकडून उसने घेतले. अब्जावधी इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनचा प्रवाह मिलिअँपिअरपर्यंत सांभाळणाऱ्या देशाला ३७,००० रुपये महिन्याच्या महिन्याला सोडता येऊ नयेत, याचा मला राग येतो. कुणी तो कमी करून दाखवला तर आभारी राहीन.

माझ्याबरोबरच्या मुलींतली एक वेगळ्या वाटेनं गेली, तेही सांगते, कारण ती वाट इंदुरात कमी जणांना ठाऊक आहे. एमएस्सी भौतिकशास्त्रानंतर मुंबईला भाभा केंद्रात रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा असतो. त्याला प्रवेश परीक्षा असते आणि विद्यावेतनही मिळतं. त्यानंतर कर्करोगाच्या इस्पितळात इंटर्नशिप. मग मेडिकल फिजिसिस्ट म्हणून रुग्णाला किती मात्रा, कोणत्या दिशेनं द्यायची, हे ठरवायचं काम. आता ती फोनवर माझ्यापेक्षा जास्त आत्मविश्वासानं बोलते. दुसरा एक ट्रेनिंग स्कूलला लागला. ते १९५७ साली मुंबईत सुरू झालं, आणि आता त्याची एक शाखा इंदूरच्या कॅटमध्येच आहे. निवड मुलाखतीवर होते आणि ती मुलाखत चांगली लांबते. पदवीच्या पहिल्या वर्षाचं काहीही विचारतात.

अण्णाकाका हल्ली वेगळाच प्रश्न घेऊन येतात. चोइथराम मंडीच्या आवारात कॅटनं इलेक्ट्रॉन किरणांचं केंद्र उभारलंय हे त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं, आणि किरण दिलेला कांदा खाल्ला तर तो पोटात किरण सोडेल का, असं विचारतात. सोडणार नाही. अन्नासाठी इलेक्ट्रॉनची ऊर्जा १० एमईव्हीच्या वर न्यायची नाही असा नियम आहे, तो याचसाठी की पदार्थ स्वतः किरणोत्सारी होऊ नये. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून लागणारी मात्रा थोडीच असते. इंजेक्शनची सुई निर्जंतुक करायला त्याच्या शेकडो पटींनी जास्त, म्हणजे साधारण २५ किलोग्रे मात्रा देतात (ग्रे हे पदार्थात मुरलेल्या किरणांच्या ऊर्जेचं माप). काका म्हणाले, 'सुईचं समजलं, पण कांदा मी बघूनच घेईन.'

पुढचा प्रस्ताव लिहायला घेतलाय. या वेळी बीमलाइन ९ हवी आहे, एक्साफ्सची, म्हणजे एखाद्या अणूच्या शेजारी कोणते अणू आहेत हे क्ष-किरणांनी ओळखायच्या तंत्राची. जस्त कुठे आहे हे कळलं, आता ते कोणत्या रूपात बांधलेलं आहे हे बघायचंय. दाण्यातल्या फायटेट नावाच्या संयुगाशी बांधलं गेलं तर पोटाला ते नीट घेता येत नाही. सरांनी पहिल्याच खर्ड्यावर लाल पेनानं लिहून ठेवलंय: 'एवढ्या पाळ्या कशाला? गणित दाखव.' बाबूंकडून धोका नसल्याचं पत्रही पुन्हा घ्यायचंय. पण या वेळी गहू दळून न्यायचाय, आणि पिठासाठी फॉर्म वेगळा आहे म्हणतात.